हिरव्या घराचा न दिसणारा रंग

अमेरिकेत राहणाऱ्या एखाद्या मामाने किंवा आत्याने पाठविलेला त्यांच्या घराचा फोटो तुमच्यापैकी काही जणांनी तरी पाहिला असेल. उतरते छप्पर, पुढे हिरवळ, आणि बाहेरच्या भिंतींवर खालपासून वरपर्यंत एकावर एक आलेल्या आडव्या पट्ट्या. वीट दिसत नाही, सिमेंटचा गिलावाही दिसत नाही. या पट्ट्यांच्या आवरणाला तिकडे ‘सायडिंग’ म्हणतात. आपल्याकडे सायडिंग म्हटले की मालगाडी बाजूला उभी करण्याची रेल्वेची लाइन डोळ्यांपुढे येते. तिचा येथे काही संबंध नाही. घराच्या बाजूंना लावावयाचे म्हणून ते सायडिंग, इतकेच.

आता असे काही फोटो जवळ ठेवून पाहा. पट्ट्यांचे रंग बहुधा पांढरा, फिकट पिवळा, मातकट किंवा राखी असतात. गर्द हिरवे घर क्वचित आढळते, आणि आढळले तर ते जुने लाकडी तरी असते किंवा अलीकडच्या काळातले तरी. मधल्या तीसचाळीस वर्षांत लोकांना हिरवा रंग आवडेनासा झाला होता की काय? तसे नाही. हिरव्या रंगाची हौस होती. पण ज्या पदार्थाच्या पट्ट्या बनत होत्या त्याला गर्द हिरवा रंग सोसत नव्हता. हे का घडले आणि त्यातून वाट कशी निघाली, हे समजून घेताना आपल्याला प्रकाशाविषयी एक गोष्ट नीट कळते. दोन हिरवे रंग आपल्या डोळ्यांना अगदी सारखे दिसले, तरी सूर्याच्या हिशेबी ते सारखे असतीलच असे नाही.

फळीवर फळी

सतराव्या शतकात इंग्लंडमधून जाऊन अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर वस्ती करणाऱ्या लोकांना तेथे जंगल भरपूर मिळाले. त्यांनी लाकडाची चौकट उभारावी आणि तिच्यावर बाहेरून आडव्या फळ्या ठोकाव्यात, अशी घरे बांधली. प्रत्येक वरच्या फळीची खालची कड तिच्या खालच्या फळीवर थोडी चढलेली असे. आपल्या कौलांची रचना हीच. फक्त कौले छपरावर आणि या फळ्या भिंतीवर. पाऊस फळीवरून ओघळतो, पुढच्या फळीवर पडतो आणि आत न शिरता जमिनीपर्यंत जातो. कोकणात मातीच्या भिंतींना पावसाळ्यापूर्वी झापांचा आडोसा बांधत, त्यामागची युक्तीही यापेक्षा वेगळी नाही.

लाकडाला तेलरंग कोणताही लावता येतो. लाकूड उन्हाने तापते, पण वितळत नाही किंवा मऊ पडत नाही. म्हणून जुन्या लाकडी घराला गर्द हिरवा रंग दिला तरी बिघडत नसे. खर्च मात्र होता, कारण ऊन, पाऊस आणि बर्फ यांनी रंगाचे पापुद्रे निघत आणि काही वर्षांनी घर पुन्हा रंगवावे लागे. या कटकटीतून सुटका म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आल्या, आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या. पीव्हीसी म्हणजे पॉलिव्हायनिल क्लोराइड. आपल्याकडच्या पाण्याच्या राखी नळांचाच पदार्थ. तिकडे बोलताना नुसते ‘व्हायनिल’ म्हणतात. यात रंग वरून द्यावयाचा नसतो. तो पट्टीच्या अंगातच मिसळलेला असल्यामुळे ओरखडा उठला तरी खाली तोच रंग असतो, आणि घर रंगविण्याचे कामच उरत नाही. ही सोय लोकांना इतकी पटली की १९९०च्या दशकाच्या मध्यापासून पुढे अनेक वर्षे अमेरिकेतील नव्या घरांवर सर्वांत जास्त वापर व्हायनिलचाच होता.

पण पीव्हीसी सुमारे ७० ते ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते. एकदा मऊ पडून वाकलेली पट्टी थंड झाल्यावर पुन्हा सरळ होत नाही. साऱ्या गोष्टीचे मूळ येथे आहे.

खिळा मारा, पण घट्ट नको

मऊ पडण्याच्या पुष्कळ आधीच आणखी एक अडचण येते, ती प्रसरणाची. नववीदहावीत तुम्ही रेल्वेच्या रुळांमधली फट शिकता. पोलादाचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला ०.००००१२ आहे. पीव्हीसीचा सुमारे ०.००००६, म्हणजे पोलादाच्या पाचपट! बारा फुटांची, म्हणजे साधारण ३.६६ मीटरची पट्टी घ्या. हिवाळ्यातील रात्री ती उणे २० अंशांवर असेल आणि उन्हाळ्यातील दुपारी ६० अंशांवर. फरक ८० अंशांचा. आता गुणाकार करा: ३.६६ × ०.००००६ × ८० = ०.०१७६ मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर. घराची एक भिंत अशा डझनावारी पट्ट्यांची असते, आणि वर्षभर त्या सगळ्या सरकत असतात.

म्हणून या पट्ट्या बसविण्याची रीत मोठी गमतीची आहे. पट्टीच्या वरच्या कडेला गोल भोके नसून आडवी लांबट खाचे असतात. खिळा खाचेच्या बरोबर मध्यावर मारावयाचा, आणि तोही पूर्ण आत न घालता डोके सुमारे एक मिलिमीटर बाहेर ठेवावयाचे. काम झाल्यावर पट्टी हाताने डावीकडे-उजवीकडे सरकली पाहिजे. न सरकली तर बसवणाराचे काम चुकले. या पट्ट्या खिळ्यांनी ठोकावयाच्या नसतात, खिळ्यांवर टांगावयाच्या असतात, असेच म्हणा ना! दोन पट्ट्या जेथे मिळतात तेथे एकीची कड दुसरीवर सुमारे अडीच सेंटिमीटर चढलेली असते. कोपऱ्यावर सहाएक मिलिमीटर फट सोडतात, आणि कडाक्याच्या थंडीत काम चालू असेल तर नऊदहा मिलिमीटर. थंडीत फट जास्त का, हे तुम्हीच सांगा.

खिळे घट्ट मारले तर काय होते? उन्हात पट्टी लांब होऊ पाहते, बाजूला जाता येत नाही, मग ती पुढे फुगते. भिंतीवर लाटा उठल्यासारखे दिसते. पट्टी जितकी जास्त तापेल तितकी लाट मोठी. पट्टी किती तापेल हे मात्र, हवेखालोखाल, तिच्या रंगावर अवलंबून.

बर्फावरची कापडे

रंग आणि उष्णता यांचा संबंध तपासणारा एक सुंदर प्रयोग बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७६१ सालच्या एका पत्रात वर्णन केला आहे. मेरी स्टीव्हन्सन या तरुण मुलीला लिहिलेले हे पत्र आहे. शिंप्याकडच्या नमुन्यांच्या कार्डावरून त्यांनी जाड लोकरी कापडाचे लहान लहान चौकोन घेतले. त्यांत काळा, गर्द निळा, फिका निळा, हिरवा, जांभळा, लाल, पिवळा, पांढरा असे रंग होते. एका उन्हाच्या सकाळी ते सर्व बर्फावर ठेवले. काही तासांनी काळा तुकडा सर्वांत खोल रुतला होता. गर्द निळा जवळजवळ तितकाच. फिका निळा त्याहून कमी, बाकीचे रंग जसजसे फिके तसतसे कमी, आणि पांढरा वरच्या वर. प्रयोगाला लागली ती कापडे, बर्फ आणि ऊन. उपकरण एकही नाही. शिक्षकांनी वर्गात सांगावा असा हा प्रयोग आहे.

हाच प्रश्न आपण भिंतीला विचारू आणि थोडा हिशेब करू. हिशेब अंदाजी आहे, पण दिशा बरोबर दाखवतो. उन्हाळ्यातील दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला ७०० वॅट ऊन पडते असे धरा. पट्टीच्या मागे उष्णतारोधक थर असल्यामुळे आत फार थोडी उष्णता जाते. बहुतेक सगळी बाहेरच टाकावी लागते. मंद वाऱ्यात पट्टी हवेपेक्षा जितके अंश गरम असेल त्यातल्या दर अंशामागे ती दर चौरस मीटरला सुमारे १८ वॅट बाहेर टाकते, काही वाऱ्याला देऊन आणि काही प्रारणाने. येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. भिंतीच्या तापमानाला बाहेर पडणारे प्रारण फार लांब तरंगलांबीचे असते, आणि ते टाकण्याच्या कामी पांढरा, हिरवा, काळा असे सगळे रंगलेप जवळजवळ सारखेच असतात. फरक पडतो तो ऊन घेण्यात.

पांढरी पट्टी उन्हाचा पाऊण भाग परत पाठवते. उरले १७५ वॅट. १८ ने भागले की सुमारे १० अंश येतात. हवा ३५ अंश असेल तर पट्टी ४५ अंशांची. काही बिघडत नाही. नेहमीच्या रीतीने गर्द केलेली हिरवी पट्टी मात्र उन्हाचा नऊ-दशांश भाग शोषते. ६३० वॅट भागिले १८, म्हणजे ३५ अंश. हवा ३५, पट्टी ७०! पीव्हीसी मऊ पडण्याचा उंबरठा आलाच. वारा पडला, किंवा समोरच्या फरशीवरून आणखी ऊन परतून आले, की उंबरठा ओलांडला जाणार. कारखानदार बराच काळ गर्द रंगांच्या वाटेला का जात नव्हते, ते आता दिसले. शिवाय पांढऱ्या व फिकट पट्ट्यांत टायटॅनियम डाय-ऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य भरपूर घालता येते. ते जंबुपार किरण स्वतः शोषून प्लॅस्टिकचे रक्षण करते. गर्द रंगात ते फार घातले तर रंगच फिका होतो. म्हणजे गर्द पट्टी उन्हाने तापते जास्त आणि तिला संरक्षण मात्र कमी.

अर्धे ऊन अंधारात

मग गर्द हिरव्या घराची आशा सोडावी का? येथे विल्यम हर्शेल मदतीला येतात. युरेनस ग्रह शोधणारे हेच ते. १८०० साली त्यांनी सूर्यप्रकाश लोलकातून नेऊन वर्णपटाच्या निरनिराळ्या रंगांत उष्णतामापक ठेवले. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना पारा जास्त चढू लागला. तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे ठेवलेल्या उष्णतामापकातही पारा चढला, आणि तोही तांबड्यापेक्षा जास्त. हे अवरक्त किरण. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी सुमारे निम्मी ऊर्जा या न दिसणाऱ्या भागात असते. दृश्य प्रकाशात येते ती त्याहून थोडी कमीच, आणि अगदी थोडी जंबुपार किरणांत.

आता नीट विचार करा. ‘हा रंग हिरवा आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा आपण फक्त ४०० ते ७०० नॅनोमीटर या तरंगलांबीच्या पट्ट्याविषयी बोलत असतो. ७०० च्या पलीकडे तो रंग काय करतो, सगळे शोषतो की सगळे परत पाठवतो, हे डोळ्यांना कळण्याचा मार्गच नाही. जुन्या रीतीत रंग गर्द करण्यासाठी काजळीसारखा बारीक कार्बन मिसळत. काजळी दृश्य प्रकाश खाते तसे अवरक्त किरणही खाते. पण गर्दपणा तर आपल्याला फक्त डोळ्यांपुरता हवा आहे! न दिसणारा अर्धा भाग परत पाठवणारे हिरवे रंगद्रव्य मिळाले, तर दिसायला गर्द आणि तापायला त्यामानाने फिके, असे काही साधता येईल.

असा हिरवा रंग निसर्गात पूर्वीपासून आहे. तो म्हणजे झाडाचे पान.

पांढरी झाडे

अमेरिकन भौतिकीविद रॉबर्ट वुड यांनी १९१० साली फक्त अवरक्त प्रकाशात घेतलेली काही छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांत आकाश काळेभोर दिसत होते आणि झाडे बर्फ पडल्यासारखी पांढरीशुभ्र. याचे कारण पानाच्या रचनेत आहे. हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषते, हिरव्यापैकी थोडा परत पाठवते. पण सुमारे ७०० नॅनोमीटरनंतर त्याचे शोषण एकाएकी थांबते. पुढचा प्रकाश पानाच्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांवर पुन्हा पुन्हा विखुरला जातो, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास भाग उलट बाहेर पडतो. जो प्रकाश अन्न तयार करायला उपयोगी नाही तो घेऊन तापण्यापेक्षा पान तो सोडून देते. बाष्पोत्सर्गाने होणारा थंडावा वेगळाच.

पानाच्या या गुणाचा आपल्या देशात फार चांगला उपयोग झाला आहे. केरळात नारळाच्या झाडांना मुळांशी संबंधित मर रोग होतो. १९७०च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त किरणांना संवेदनक्षम अशा फिल्मवर नारळाच्या बागांची छायाचित्रे घेतली. अशा फिल्मवर अवरक्त प्रकाश लाल रंगात उमटतो. निरोगी झाडे ठसठशीत लाल आली, रोगट झाडे फिकी. भारतातील दूरसंवेदनाच्या कार्याचा हा आरंभ मानला जातो. १९८८ साली सोडलेल्या आयआरएस-१ए या उपग्रहाच्या कॅमेऱ्यांतही अवरक्त प्रकाशासाठी वेगळा पट्टा होता, आणि त्याच्या चित्रांत शेते, जंगले लाल दिसतात ती याच कारणाने.

सैन्याला तर ही गोष्ट चांगलीच महागात पडली असती. दुसऱ्या महायुद्धात हिरव्या रंगाने रंगविलेला तंबू किंवा तोफ झाडीत लपवली, की विमानातल्या माणसाच्या डोळ्यांना ती दिसत नसे; पण अवरक्त फिल्मवर झाडी उजळ आणि तोफ काळी! डोळ्यांना फसवणारा हिरवा रंग फिल्मला फसवीना. तेव्हा पानासारखाच अवरक्त प्रकाश परत पाठवणारे हिरवे रंगद्रव्य शोधणे भाग पडले. ते आधीपासूनच हाताशी होते: क्रोमियम ऑक्साइड.

प्रयोगशाळेतील हिरवी राख

हिरव्या रंगद्रव्यांचा इतिहास एरवी फारसा सुखाचा नाही. शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७५ साली तांबे आणि आर्सेनिक यांपासून एक झळझळीत हिरवा रंग बनवला. एकोणिसाव्या शतकात त्याचे आणि त्याच्या भाऊबंदांचे रंग कागदांत, कापडांत, खेळण्यांतसुद्धा वापरले गेले, आणि त्यांतल्या आर्सेनिकने पुष्कळांना आजारी पाडले. त्यांतलाच एक रंग पुढे अमेरिकेत बटाट्यावरची कीड मारण्यासाठी शेतात फवारू लागले, यावरून काय ते समजावे.

क्रोमियम हे मूलद्रव्य व्होक्लँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७९७ साली शोधले. त्याची संयुगे नाना रंगांची असतात, म्हणून रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. पाचूचा हिरवेपणा आणि माणकाचा लालपणा ही दोन्ही क्रोमियमचीच करणी. त्याचे हिरवे ऑक्साइड तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. रसायनशास्त्राच्या प्रदर्शनात अमोनियम डायक्रोमेटचा नारिंगी ढीग पेटवून ‘ज्वालामुखी’ करून दाखवत. त्यातून फसफसून वर येणारी हलकी हिरवी राख म्हणजेच क्रोमियम ऑक्साइड. (हा प्रयोग तुम्ही करू नका आणि शिक्षकांनीही आता टाळावा. डायक्रोमेट विषारी आहे आणि कर्करोगाला कारण होऊ शकते. हिरव्या ऑक्साइडातले क्रोमियम वेगळ्या संयुजेचे असते, ते इतके घातक नाही. पण त्या राखेबरोबर न जळालेले डायक्रोमेटही उडते.) हे ऑक्साइड उन्हाने विटत नाही, आम्लांना दाद देत नाही, आणि ७०० नॅनोमीटरच्या पलीकडे पानासारखे एकदम उजळते. हुबेहूब पानासारखे मात्र नव्हे. पानात पाणी असते आणि ते अवरक्तातल्या काही ठरावीक तरंगलांबी शोषते. रंगाच्या लेपात तसे पाणी नसते. बारकाईने मोजणाऱ्या उपकरणाला हा फरक ओळखता येतो.

दुसरे एक हिरवे रंगद्रव्य अपघाताने सापडले. १९२८ साली स्कॉटलंडमधील ग्रेंजमथ येथील कारखान्यात लोखंडी भांड्याचे आतले काचेचे अस्तर तडकले आणि तयार होणाऱ्या पांढऱ्या पदार्थात निळसर काहीतरी दिसू लागले. त्या निळ्याच्या रेणूत लोखंड अडकलेले होते. लोखंडाच्या जागी तांबे आले की थॅलोसायनिन निळा रंग मिळतो. तो १९३५ साली बाजारात आला. त्याच्या रेणूत क्लोरिन घातला की तोच हिरवा होतो. गंमत अशी की या रेणूची मध्यवर्ती चौकट हरितद्रव्याच्या रेणूशी बरीच मिळतीजुळती आहे. हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम, येथे तांबे. हे रंगद्रव्य अवरक्त किरण स्वतः फारसे शोषत नाही, परतही पाठवत नाही. बरेचसे आरपार जाऊ देते. म्हणून त्याच्याखाली पांढरा थर असला तर अवरक्त किरण हिरव्यातून जाऊन पांढऱ्यावरून परततात. खाली काळा थर असला तर मात्र हिरवा रंग तोच दिसूनही भिंत तापते.

१९९०नंतरच्या वर्षांत अशा रंगद्रव्यांचा घरांसाठी पद्धतशीर अभ्यास झाला. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी कितीतरी रंगद्रव्ये एकेक करून तपासली आणि कोणते द्रव्य अवरक्तात किती शोषते याची मोजमापे २००५ साली प्रसिद्ध केली. काजळीच्या जागी लोह आणि क्रोमियम यांच्या मिश्र ऑक्साइडाचे काळपट रंगद्रव्य वापरता येऊ लागले. सायडिंगच्या पट्ट्यांतही ही द्रव्ये शिरली, वर ऊन सोसणाऱ्या निराळ्या प्लॅस्टिकचा पातळ थर आला, आणि गर्द हिरव्या पट्ट्या दुकानांत दिसू लागल्या.

आपला हिशेब पुन्हा करू. ७०० वॅटपैकी ३५० दृश्य धरा, ३५० अवरक्त. दृश्यापैकी नऊ-दशांश पूर्वीसारखेच शोषले जाणार, कारण रंग गर्दच हवा आहे: ३१५. अवरक्तापैकी समजा निम्मे परत गेले: उरले १७५. एकूण ४९०. भागिले १८, सुमारे २७ अंश. म्हणजे ७० ऐवजी पट्टी ६२ अंशांवर थांबेल. फरक आठ अंशांचा. पांढऱ्याच्या ४५ अंशांशी याची तुलना होणार नाही, आणि जाहिरातीत ‘थंड हिरवा’ असे लिहिलेले असले तरी हा हिरवा काही थंड नव्हे. पण मऊ पडण्याच्या उंबरठ्यापासून आठ अंश अलीकडे राहणे, हे पट्टीच्या दृष्टीने जीवनमरणाचे आहे.

शेजारच्या खिडकीचा आरसा

एवढे करूनही काही घरांच्या भिंतींवर अचानक वितळल्याच्या खुणा दिसू लागल्या. आग नाही, शेगडी नाही. थंडीच्या दिवसांतही पट्ट्या वेड्यावाकड्या! कारण सापडले शेजाऱ्याच्या खिडकीत.

थंड देशांत खिडकीला दोन काचा असतात आणि त्यांच्यामध्ये हवा किंवा दुसरा वायू कोंडलेला असतो. काचेवर धातूचा अतिशय पातळ लेप असतो. तो दृश्य प्रकाश जाऊ देतो, पण अवरक्त किरण बरेचसे परत पाठवतो. थंडीत कोंडलेला वायू आकुंचन पावतो, बाहेरच्या हवेचा दाब काचा आत दाबतो, आणि बाहेरून पाहता काच किंचित अंतर्वक्र होते. अंतर्वक्र आरसा तुम्ही शिकला आहातच! ६० सेंटिमीटर रुंदीची काच मध्यभागी केवळ २ मिलिमीटर आत गेली असे धरा. वक्रतात्रिज्या येते अर्ध्या रुंदीचा वर्ग भागिले खोलीची दुप्पट: ०.०९ ÷ ०.००४ = २२.५ मीटर. नाभीय अंतर तिच्या निम्मे, सुमारे ११ मीटर. शेजारच्या घराची भिंत साधारण एवढ्याच अंतरावर असते! ऊन त्या पट्टीवर एकवटते, आणि त्यात दृश्य प्रकाशही असल्यामुळे गर्द रंगाची पट्टी आधी बळी पडते. आपल्या घरासाठी रंग निवडताना शेजाऱ्याची खिडकी कोठे आहे हे पाहावे लागते ते यामुळे. उपाय साधा आहे: त्या खिडकीवर बाहेरून बारीक जाळी बसवावयाची किंवा मध्ये झाड लावावयाचे. लंडनमध्ये २०१३ साली एका अंतर्वक्र दर्शनी भागाच्या उंच इमारतीने रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारीचे प्लॅस्टिकचे भाग वाकवले होते. तत्त्व हेच, आरसा मोठा.

करून पाहा

पत्र्याचे सारख्या आकाराचे तीन तुकडे घ्या. एकाला पांढरा, एकाला काळा आणि एकाला गर्द हिरवा तेलरंग द्या. प्रत्येकाच्या मागे उष्णतामापकाचा फुगा टेकवून वर थर्माकोल चिकटवा, आणि दुपारी बारा वाजता तिघांना शेजारी शेजारी, सूर्याकडे सारखेच कलते ठेवा. वारा फार नको. वीस मिनिटांनी वाचन घ्या. पत्र्याच्या कडा धारदार असतात, त्या आधी मोडून घ्या.

दुसरा प्रयोग जास्त मजेचा आहे. तुमच्या शाळेत किंवा इमारतीत रात्री अंधारात पाहणारा सीसीटीव्ही कॅमेरा असेल तर तो अवरक्त दिव्याच्या उजेडात पाहत असतो. आवारातील झाडाची पाने पडद्यावर पांढरी दिसतात, हे आधी पाहून घ्या. मग मुख्याध्यापकांच्या परवानगीने त्याच्यापुढे हिरव्या वस्तूंचे तुकडे धरा: ताजे पान, वाळलेले पान, हिरवे कापड, हिरवा प्लॅस्टिकचा मग, रंगाच्या दुकानातून आणलेल्या दोनतीन कंपन्यांच्या हिरव्या तेलरंगाने रंगविलेले पुठ्ठे. दिवसा एकमेकांशी तंतोतंत जुळणाऱ्या दोन पुठ्ठ्यांपैकी एक पडद्यावर पांढुरका आणि दुसरा काळा निघाला, तर तेच दोन रंग पहिल्या प्रयोगातील पत्र्यांना देऊन उन्हात ठेवा. कोणता पत्रा जास्त तापेल ते आधी वहीत लिहा आणि मग उष्णतामापक वाचा.